श्वास सोडता न येण्याचा आजार

श्वसनसंस्थेचा पाठ घेताना आपल्यापैकी बहुतेकांनी ती प्रतिकृती केव्हा ना केव्हा केलेली असते. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बुचातून आत सोडलेली दुबेळक्याच्या आकाराची नळी, तिच्या दोन टोकांना दोन फुगे आणि बाटलीच्या तळाशी ताणून बांधलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की आतले फुगे फुगतात. मुले हरखतात. आपण ‘हे श्वासपटल, ही फुप्फुसे’ असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पडदा सोडल्यावर फुगे रिकामे का होतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हवा आत कशी जाते याचे कौतुक असते. ती बाहेर कशी येते हे आपण गृहीत धरतो.

हा न विचारलेला प्रश्न एका साध्या प्रयोगाने वर्गात विचारता येईल. एका नळीच्या टोकाला फुगा बांधा आणि तेवढ्याच दुसऱ्या नळीला पातळ प्लॅस्टिकची पिशवी दोऱ्याने घट्ट बांधा. दोन्हींत तोंडाने हवा भरा. फुगा भरायला जोर लागतो, पिशवीला जवळजवळ लागत नाही. आता नळ्या मोकळ्या सोडा. फुगा फुस्स करून रिकामा होतो. पिशवी मात्र तशीच टम्म राहते. ती हाताने दाबावी लागते. फुग्याच्या रबराने ताणले जाताना जी ऊर्जा साठवली, तीच त्याने परत येताना हवा ढकलण्यासाठी वापरली. पिशवीने काहीच साठवले नव्हते.

आपली फुप्फुसे फुग्यासारखी आहेत. त्यांच्या भिंतींमध्ये इलॅस्टिन नावाच्या लवचिक तंतूंचे जाळे असते. श्वास घेताना स्नायूंना काम पडते, पण शांत बसलेले असताना श्वास सोडायला काहीच करावे लागत नाही. ताणलेले जाळे आपोआप आवळते. हे जाळे वर्षानुवर्षे झिजत गेले, तर फुप्फुसाची पिशवी होते. भरायला सोपी, रिकामी व्हायला अवघड. त्यातच हवा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या सुजून, चिकट स्रावाने अरुंद झाल्या, तर दुष्काळात तेरावा महिना. या दोन बिघाडांच्या जोडीला वैद्यकात ‘क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज’ म्हणतात. मराठीत ‘दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध’ असे म्हणता येईल, पण दवाखान्यात सगळेच ‘सीओपीडी’ म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली या आजाराने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. भारतात १९९० साली याचे अंदाजे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले. यातली बरीचशी वाढ लोकसंख्या आणि आयुर्मान वाढल्यामुळे आहे, हे खरे. तरी साडेपाच कोटी ही संख्या लहान नव्हे. आणि तरीही आपल्या गावात, आळीत विचारून पाहा, सीओपीडी असलेला माणूस सापडणार नाही. ‘दमा आहे’, ‘छातीत कफ आहे’ किंवा नुसतेच ‘आता वय झालं’ असे म्हणणारी माणसे मात्र घरोघरी सापडतील.

नळ्या, वायुकोश आणि दोर

घशातून खाली गेलेली मुख्य श्वासनलिका दुभंगते, तिच्या शाखा पुन्हा दुभंगतात आणि असे साधारण तेवीस वेळा घडते. शेवटी तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे आपल्या दीड वर्गखोलीच्या जमिनीइतके भरते. रक्त आणि हवा यांची देवाणघेवाण एवढ्या पसाऱ्यावर होते.

नळी अरुंद झाली की काय होते, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. प्वाझयच्या नियमाप्रमाणे नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध सोळापट. मग दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांमध्ये सर्वांत जास्त विरोध असायला हवा, नाही का? तसे नसते. एकेक नळी बारीक असली तरी तिच्यासारख्या हजारो नळ्या समांतर असतात. विजेच्या मंडलात समांतर जोडलेल्या रोधांची बेरीज कशी घटत जाते, ते इथे आठवावे. निरोगी माणसात या बारीक नळ्यांचा वाटा एकूण विरोधात अगदी थोडा असतो. जत्रेच्या मैदानाला शंभर पायवाटा असतील आणि त्यांतल्या तीस बुजल्या, तरी जत्रेकरूंना पत्ता लागत नाही, तसेच हे. १९६८ साली हॉग, मॅक्लेम आणि थर्लबेक यांनी दाखवून दिले की सीओपीडीमधला अडथळा मुख्यतः याच बारीक नळ्यांत असतो. म्हणजे आजार नेमका अशा जागी सुरू होतो, जिथे बराच नाश होईपर्यंत काही जाणवतच नाही. फुप्फुसशास्त्रात या भागाला ‘मूक प्रदेश’ असे समर्पक नाव आहे.

या बारीक नळ्यांना मोठ्या नळ्यांसारखे कूर्चेचे कडे नसते. मग त्या मिटत का नाहीत? त्यांच्या भोवतीच्या वायुकोशांच्या भिंती त्यांना सर्व बाजूंनी ओढून धरतात म्हणून. तंबूचे कापड जसे चारी बाजूंच्या दोरांनी ताणलेले असते, तशीच ही रचना आहे. वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्या की दोर तुटतात. श्वास घेताना फुप्फुस फुगत असल्यामुळे नळ्या उघड्या राहतात. जोराने श्वास सोडू लागताच छातीतला दाब वायुकोशांवर पडतो तसाच नळ्यांवरही पडतो आणि दोर नसलेल्या नळ्या मिटतात. जितका जोर जास्त, तितकी नळी अधिक दबते. म्हणून या रुग्णाला ‘जरा जोर लावा’ म्हणून काही उपयोग होत नाही.

आता जिना चढणाऱ्या रुग्णाचे गणित करू. बसलेले असताना मिनिटाला पंधरा श्वास म्हणजे प्रत्येक श्वासाला चार सेकंद मिळतात. त्यांतले अडीच-पावणेतीन सेकंद सोडण्यासाठी. चढताना श्वास मिनिटाला तीस झाले की दोनच सेकंद उरतात आणि सोडायला सव्वा सेकंद. निरोगी माणसाला तेवढे पुरते. रुग्णाला पुरत नाही. थोडी हवा आतच राहते, तिच्यावर पुढचा श्वास चढतो, त्यातलीही थोडी राहते. एस.टी. स्टँडवर उतरणारे उतरलेच नाहीत तर चढणारे दारात लोंबकळतात, तशी अवस्था. छाती वरपर्यंत भरलेली, श्वासपटल सपाट होऊन खाली गेलेले आणि आणखी आत घ्यायला जागा नाही. म्हणून रुग्ण सांगतो, ‘श्वास आत जात नाही.’ त्याचे म्हणणे खोटे नाही, पण कारण उलटे आहे: श्वास बाहेर गेलेला नाही. जुन्या रुग्णांची छाती पिंपासारखी गोल का दिसते, याचेही उत्तर यातच आहे.

ओठ शीळ वाजवल्यासारखे आवळून सावकाश फुंकर घालत श्वास सोडण्याची युक्ती अनेक रुग्णांना कोणी न शिकवताच जमलेली असते. ओठांशी अडथळा केल्याने नळ्यांतला दाब थोडा वाढलेला राहतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. श्वासाची गतीही मंदावते, म्हणजे सोडायला वेळ मिळतो. फुकट आणि निर्धोक असा हा उपचार आहे.

सेकंदाची किंमत

लंडनमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली पाण्यावर तरंगणाऱ्या भांड्याचे श्वसनमापक यंत्र वापरून दोन हजारांवर माणसांची फुप्फुसे मोजली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, मुष्टियोद्धेही होते. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडला की जेवढी हवा बाहेर येते तिला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’, म्हणजे जीवनधारक क्षमता म्हटले. उंचीबरोबर ती वाढते हेही त्यांनीच दाखवले. पाण्याने भरलेला पाच लिटरचा पारदर्शक कॅन घमेल्यातल्या पाण्यात उपडा धरून नळीने फुंकले, तर वर्गातही ही क्षमता मोजता येते. नळीचे टोक प्रत्येक वेळी साबणाने धुवावे आणि दम्याच्या मुलाला फुंकायला लावू नये, एवढे पथ्य पाळावे.

पण नुसत्या आकारमानाने सीओपीडी ओळखता येत नाही. गळक्या नळानेही हंडा भरतोच, फक्त वेळ लागतो. घड्याळ लावण्याची कल्पना फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी १९४७ साली मांडली: पूर्ण श्वास घेऊन जीव खाऊन सोडायचा आणि पहिल्या सेकंदात किती हवा आली ते पाहायचे. निरोगी प्रौढ माणूस पहिल्याच सेकंदात सत्तर-ऐंशी टक्के हवा बाहेर फेकतो. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आत राहिले, तर तिथे कायमचा अडथळा आहे असे मानतात. औषध देऊन पाहण्याचे कारण असे की दम्यात हा अडथळा पुष्कळदा औषधाने बराचसा सुटतो, सीओपीडीत फारसा सुटत नाही. सत्तर टक्क्यांची रेषा सोयीसाठी आखलेली आहे, हेही लक्षात ठेवावे. वयाबरोबर हे प्रमाण निरोगी माणसातही घटते, त्यामुळे म्हाताऱ्यांवर ती थोडा अन्याय करते आणि तरुणांतला आजार कधीकधी तिच्यातून निसटतो.

यंत्र नसेल तर? डॉक्टरांची एक जुनी आणि सोपी तपासणी आहे. स्टेथोस्कोप गळ्याच्या खालच्या भागात श्वासनलिकेवर ठेवायचा, माणसाला पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडायला सांगायचे आणि आवाज किती वेळ ऐकू येतो ते सेकंदकाट्यावर मोजायचे. सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर शंका घ्यावी. याने निदान ठरत नाही, पण यंत्राकडे कोणाला पाठवायचे हे कळते.

किती गंभीर? एक आकडा पुरत नाही

‘गोल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक उपक्रमाचा पहिला अहवाल २००१ साली आला. त्यांची प्रतवारी सर्वत्र वापरली जाते. वय, उंची आणि लिंग यांनुसार अपेक्षित असलेल्या पहिल्या-सेकंदाच्या हवेच्या ऐंशी टक्के किंवा अधिक हवा येत असेल तर सौम्य, पन्नास ते एकोणऐंशी मध्यम, तीस ते एकोणपन्नास तीव्र आणि तिसाच्या खाली अतितीव्र.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. त्यांनी एकूण १.९ लिटर हवा सोडली, त्यातली पहिल्या सेकंदात १.० लिटर. प्रमाण झाले ५३ टक्के, म्हणजे अडथळा आहे. त्यांच्या वयाला आणि उंचीला पहिल्या सेकंदात १.८ लिटर अपेक्षित होती, १.० म्हणजे तिच्या ५६ टक्के. प्रत ‘मध्यम’. कागदावर मध्यम हा शब्द पाहून घरच्यांना हायसे वाटेल.

आता त्यांना विचारू की दम कधी लागतो. यासाठी शून्य ते चार अशी एक साधी श्रेणी आहे. शून्य म्हणजे केवळ भारी श्रमानेच. एक म्हणजे सपाटीवर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना. दोन म्हणजे बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालावे लागते. तीन म्हणजे सपाटीवर शंभरेक मीटर चालले की थांबावे लागते. चार म्हणजे घराबाहेर पडवत नाही, लुगडे नेसतानाही धाप लागते. आपल्या या बाई विहिरीपर्यंत जाताना एकदा थांबतात, म्हणजे श्रेणी तीन. गेल्या पावसाळ्यात त्यांना एकदा भरती करावे लागले होते. त्यांचे वजनही उतरले आहे. देहवस्तुमान निर्देशांक एकोणीस. सहा मिनिटांत त्या २४० मीटरच चालू शकल्या.

डॉ. सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या चार गोष्टी, म्हणजे वजन, अडथळा, दम आणि चालण्याची क्षमता, एकत्र करून शून्य ते दहा गुणांची ‘बोड’ नावाची पट्टी मांडली. इथे जास्त गुण वाईट. बाईंना अडथळ्याचा एक, वजनाचा एक, दमाचे दोन आणि चालण्याचे दोन, असे सहा गुण मिळतात. रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज नुसत्या श्वसनमापनापेक्षा या पट्टीने अधिक चांगला येतो, असे त्यांना आढळले. ‘गोल्ड’च्या २०२३ च्या अहवालानेही उपचार ठरवताना फुंकण्याच्या आकड्यापेक्षा त्रास आणि आजाराच्या उसळ्या यांना महत्त्व दिले आहे, गेल्या वर्षात एकदा जरी भरती व्हावे लागले, तरी रुग्ण जास्त धोक्याच्या गटात जातो. कारण एक उसळी दुसरीला बोलावते आणि दरवेळी फुप्फुस पूर्वीच्या जागी परत येतेच असे नाही.

दमाविषयी विचारतानाही सावध असावे लागते. ‘दम लागतो का?’ या प्रश्नाला अनेक जण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण ज्याने दम लागत होता ते काम त्यांनी केव्हाच सोडलेले असते. माळ्यावर चढणे थोरल्या सुनेकडे गेले, दळण नातवाकडे गेले, देवळाची पायरी लांबूनच नमस्कारावर आली. ‘पाच वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असे कोणते काम आहे?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते.

बिडीचा धूर आणि चुलीचा धूर

पाश्चात्त्य पुस्तकांत सीओपीडी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचा आजार असे चित्र बराच काळ होते. आपल्याकडे दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ सालीच, पाठक यांच्यासमवेत, १२७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. फुप्फुसाच्या जुन्या विकाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन झालेले हे रुग्ण होते. धूम्रपान प्रामुख्याने पुरुषांत, पण आजार स्त्रियांतही जवळपास तितकाच. त्यांचे बोट गोवऱ्या आणि लाकूडफाटा यांच्या धुराकडे गेले. जगाने याकडे लक्ष द्यायला पुढची कित्येक दशके घेतली. आपल्या देशाच्या २०१६ च्या आकडेवारीत सीओपीडीमुळे होणाऱ्या आरोग्यहानीपैकी ५३.७ टक्के वाटा घरातल्या आणि बाहेरच्या प्रदूषित हवेचा, २५.४ टक्के तंबाखूचा आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणची धूळ, धूर व वाफा यांचा धरला आहे. बरा झालेला क्षयरोगही मागे असाच अडथळा ठेवून जाऊ शकतो.

चुलीपुढच्या बाईच्या हातात फुंकणी असते, हा या विषयातला एक विचित्र योगायोग आहे. जिच्या धुराने फुप्फुस झिजते, तिच्याच जाळासाठी फुप्फुसाची ताकद लागते. ‘आता फुंकणी जमत नाही’ असे एखादी आजी म्हणते, तेव्हा ती डॉक्टरांच्या यंत्राचाच निकाल सांगत असते.

धूर टाळला तर फरक पडतो का? चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई भागात घराघरात उघड्यावर दगडी कोळसा जाळत. चुलींना धुराडी बसवल्यानंतर तिथे सीओपीडीचे प्रमाण घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कोट्यवधी घरांत गॅस गेला, ही मोठी गोष्ट झाली. पण सिलिंडर परवडेल तेव्हा गॅस आणि भाकरीला, अंघोळीच्या पाण्याला चूल, असे अनेक घरांत चालते. फुप्फुसाला कार्ड दाखवून चालत नाही. आणि रात्रभर उशाशी जळणारी डासांची कॉइल विसरू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे २००३ साली मोजले गेले होते.

उपचार: काय होते आणि काय होत नाही

झिजलेले इलॅस्टिन पुन्हा उगवत नाही, ही गोष्ट आधी मान्य करावी लागते. म्हणून या आजाराला ‘बरा होत नाही’ असे लेबल लागते आणि घरचे हात टेकतात. पण बरा न होणे आणि काहीच करता न येणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. लंडनमधल्या ७९२ कामगारांचा आठ वर्षे पाठपुरावा करून फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ साली एक आलेख प्रसिद्ध केला. फुप्फुसाची क्षमता सर्वांचीच वयाबरोबर घटते. धुराला बळी पडणाऱ्या माणसात ती फार वेगाने घटते. त्याने सिगारेट सोडली तर गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण घटण्याचा वेग पुन्हा साध्या माणसासारखा होतो. उतारावरची गाडी वर चढत नाही, तिला ब्रेक लागतो. पंचेचाळिसाव्या वर्षी लागलेला ब्रेक आणि पासष्टाव्या वर्षी लागलेला ब्रेक यांतून उरणारे आयुष्य वेगवेगळे असते. पण पासष्टाव्या वर्षीही तो लावण्याजोगा असतोच.

औषधांत मुख्य आहेत ती श्वासनलिका रुंदावणारी आणि तोंडाने ओढायची. इथे आपल्याकडची एक समजूत फार नुकसान करते: ‘पंपाची सवय लागते, गोळी बरी.’ हिशेब करून पाहू. सालब्युटामॉलची गोळी दोन ते चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबातून शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग मिळतो. गोळीतले औषध रक्तावाटे सगळ्या शरीराला वाटले जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध जिथे हवे तिथेच पडते, म्हणून वीस-चाळीसपट कमी पुरते. सवय लागत नाही. आजार कायमचा असल्यामुळे औषध कायम लागते, एवढेच. दीर्घकाळ टिकणारी औषधे नियमित घेतल्याने दम कमी लागतो आणि उसळ्याही कमी येतात. ओढायचे स्टेरॉइड दम्यात पायाभूत आहे; सीओपीडीत ते सर्वांना लागत नाही. वारंवार उसळ्या येणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल पेशी जास्त असणाऱ्यांना त्याचा फायदा होतो, पण त्याने न्यूमोनियाची शक्यता थोडी वाढते. बाजारात दम्यावर म्हणून मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांपासून मात्र लांब राहावे. त्यांत काय आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

पंप योग्य रीतीने ओढणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. दाबणे आणि ओढणे एकाच क्षणी साधावे लागते, ते साधले नाही तर औषध घशातच चिकटते. मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर लावला की ही अडचण बरीच कमी होते. पुढच्या वेळी घरातल्या कोणाला पंप घेताना पाहाल तेव्हा नीट निरखून पाहा. औषध ओढल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखणारा विरळाच सापडेल.

व्यायामाविषयी लोकांचे म्हणणे नेमके उलटे असते. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांडीचे स्नायू बारीक होतात, बारीक झालेले स्नायू थोड्याच कामाने थकतात आणि दम आणखी लवकर लागतो. देखरेखीखाली रोज चालणे, हातापायांचे व्यायाम, पोटभर प्रथिनयुक्त आहार आणि श्वास सोडण्याचा सराव यांनी ही साखळी तुटते. श्वसनमापनाचा आकडा तसाच राहतो, पण माणूस विहिरीपर्यंत न थांबता जातो. औषधांइतकाच, काही बाबतींत त्याहून अधिक फायदा देणारा हा उपचार आपल्याकडे फार थोड्यांना सुचवला जातो. बहुधा त्याची बाटली मिळत नाही म्हणून. फ्लू आणि न्यूमोकॉकस यांच्या लसीही अशाच मागे राहतात.

प्राणवायूविषयी २०२० नंतर सर्वांनाच थोडी माहिती झाली. ऑक्सिमीटर घराघरात आला. त्यावर सत्त्याण्णव दिसले म्हणजे सीओपीडी नाही, असे समजू नये. हा आकडा बराच उशिरा उतरतो. बसलेले असतानाही तो ८८ किंवा त्याखाली राहू लागला, तर घरी दिवसाकाठी किमान पंधरा तास प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या व ब्रिटनमधल्या चाचण्यांनी सिद्ध केले. दिवसातून तासभर नाकाला नळी लावून मात्र काही साधत नाही. आणि उसळीच्या वेळी भरमसाट प्राणवायू देणेही घातक ठरते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून रुग्ण गुंगीत जातो. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकांत केलेल्या २०१० च्या चाचणीत, ८८ ते ९२ इतकीच पातळी राखून मोजका प्राणवायू दिलेल्यांतले मृत्यू सरसकट जास्त दिलेल्यांच्या निम्म्याहून कमी होते. प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत बिडी, उदबत्ती, चूल यांपैकी काहीही पेटवायचे नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते.

ज्या वयात फुप्फुस घडते

फ्लेचर आणि पीटो यांच्या आलेखात सगळे जण तरुणपणी एकाच उंचीवरून उतरू लागतात. डेन्मार्कचे लांगे आणि इतर देशांतले त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली तीन मोठ्या पाठपुराव्यांची माहिती तपासली, तेव्हा वेगळेच दिसले. सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांची क्षमता वेगाने घटलेलीच नव्हती. ती चाळिशीच्या आधीच कमी होती, नंतर सर्वांसारख्याच गतीने उतरली आणि आधीच ठेंगणी असल्यामुळे लवकर तळाला गेली. फुप्फुसाची वाढ विशीच्या सुमारास पूर्ण होते. कमी वजनाचा जन्म, बाळपणीचे न्यूमोनिया, कुपोषण, घरातला धूर, रस्त्यावरचा धूर यांनी जे भांडवल जमायचे राहून जाते, त्याची वसुली साठीत होते.

म्हणजे हा म्हातारपणचा आजार अर्ध्या जणांच्या बाबतीत शाळेच्या वयातच पेरला जातो. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढ अनेक वर्षे मोजली गेली. १९९० च्या दशकापासून तिथली हवा नियम कडक केल्यामुळे हळूहळू स्वच्छ होत गेली. पंधराव्या वर्षी पहिल्या-सेकंदाची हवा अपेक्षेच्या ऐंशी टक्क्यांहून कमी असलेली मुले १९९८ साली संपलेल्या पाहणीत ७.९ टक्के होती, २००१ साली संपलेल्या पाहणीत ६.३ आणि २०११ सालच्या गटात ३.६. कोणाला औषध दिले नव्हते. फक्त हवा बदलली होती.

आपल्या शाळेत पोषण आहार लाकडांवर शिजत असेल, तर चूल कोणत्या खिडकीखाली आहे, वारा कोणत्या महिन्यात कोणत्या वर्गाकडे वाहतो आणि धुराड्याचे तोंड छपराच्या वर आहे की खाली, याची नोंद मुलांकडून एका आठवड्यात करून घेता येते. पांढऱ्या कागदावर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन तो चार दिवस वेगवेगळ्या वर्गांत टांगावा आणि भिंगाखाली काळे कण मोजावेत. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही या मोजणीत घ्यावे. त्यांच्या उभे राहण्याच्या जागी एक कागद लावावा आणि त्यांना सहा सेकंदांची तपासणी करून घ्यायला जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवावे.